अर्ध्या दुधीचे वाटेकरी

मी माझ्या आत्याचं लग्न तिला न विचारता लावायला निघालो होतो. नवरदेवालाही विचारलं नव्हतं. नवरी सत्तरीला टेकलेली, नवरदेवानं तिच्याहून चार पावसाळे जास्त पाहिलेले. हॉल घेतला, पत्रिका छापल्या, भटजींना सांगितलं, जिलबी सांगितली. फक्त ज्यांचं लग्न त्या दोघांना सांगायचं ठेवलं, कारण मला त्यांना धक्का द्यायचा होता. धक्का बसला. पण तो मला.

हे असं का झालं ते कळायला आधी आत्या कळायला हवी. आणि आत्या कळायला तिचा तो नियम.

आत्याला स्वतःचे पैसे खर्च करताना कुणी पाहिलं नाही. कंजूष म्हणाल तर तशी ती अजिबात नव्हती. घरी गेलेला माणूस उपाशी परत आला असं कधी झालं नाही. पण बाजारात ती पर्स उघडायची तेव्हा त्यातून निघणारी नोट मास्तरांची असायची. आणि मास्तर खिशात हात घालायचे तेव्हा त्यातून निघायची ती आत्याची. महिन्याच्या पहिल्या तारखेला दोघं बँकेतून घरखर्चापुरते पैसे काढत आणि जेवणाच्या टेबलावर एकमेकांच्या हातात देत. महिनाभर आत्या मास्तरांच्या पेन्शनमधून किराणा, औषधं, सोसायटी बघणार. मास्तर आत्याच्या पेन्शनमधून भाजी, मासे, दूध, लाइट बिल बघणार.

"आत्या, हे काय खूळ?" मी एकदा विचारलं.

"खूळ नाही रे. आपल्या पैशाचा माज असतो, दुसऱ्याच्या पैशाची लाज असते," ती म्हणाली. "मास्तर स्वतःच्या पैशानं पापलेट आणतील. माझ्या पैशानं बोंबील आणतात. चव तीच."

"चव तीच नाही," आतल्या खोलीतून मास्तर म्हणाले.

मास्तर म्हणजे मराठी शाळेतून निवृत्त झालेले एक सडसडीत, हळू बोलणारे, कोकणातले गृहस्थ. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा परदेशात. माणिकपूरला त्यांचा दोन खोल्यांचा फ्लॅट होता. आत्याचा फ्लॅट विरारला. माझे आतोबा रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये होते, त्यांनी कर्ज काढून घेतलेला. आतोबा माणूस वाईट नव्हते, पण पैशाच्या बाबतीत कडक. आत्याला केसांच्या पिना घ्यायच्या झाल्या तरी त्यांच्यापुढे जाऊन उभं राहावं लागे, आणि ते आधी विचारत, "मागच्या कुठे गेल्या?" आतोबा गेले आणि त्यांच्या मागे आत्याला पेन्शन सुरू झाली. पहिल्यांदा पासबुकात रक्कम पडली त्या दिवशी मी तिच्याबरोबर होतो. मी रिक्षा थांबवली तर म्हणाली, "नको, चालत जाऊ. आज मला कुणाला सांगावं लागणार नाही पैसे कुठे गेले ते. जरा चालते." आणि विरारच्या त्या धुरळ्यातून ती अशी चालत आली, जशी बाकीच्या बायका लग्नाच्या वरातीत चालतात.

तिची आणि मास्तरांची गाठ पडली ती पापडीच्या आठवडी बाजारात, एका दुधी भोपळ्यावर. आत्या भाजीवालीला अर्धा दुधी मागत होती. निर्मळहून टोपली घेऊन आलेली ती बाई म्हणाली, "बाय, अर्धा तुला दिला तर उरलेला अर्धा मी कोणाला विकू?" शेजारी उभे असलेले मास्तर संकोचत म्हणाले, "मला." दुधी चिरला गेला. पुढच्या आठवड्याला कोबी. मग केळ्यांची फणी. मग नारळ.

आत्याचं त्यावर एक तत्त्वज्ञान होतं. "एकट्यासाठी नारळ फोडला की अर्धा खवट होतो. कोथिंबिरीची जुडी आणली की अर्धी पिवळी. फ्रिज माणूस बघून गार होत नाही, एकट्यासाठी तेवढाच चालतो, दोघांसाठीही तेवढाच. एकटं राहणं ही श्रीमंतांची चैन आहे, विज्या. आपल्याला परवडत नाही." असं म्हणत म्हणत वर्षभरात तिनं हिशेब पुरा केला. आपला फ्लॅट भाड्यानं दिला, आणि दोन पेट्या आणि डब्यांचं कपाट घेऊन मास्तरांच्या घरी राहायला गेली. एक सिलिंडर परत केला, एक वर्तमानपत्र बंद केलं, कामवाली एकच. फ्लॅटचं भाडं दोघांच्या आजारपणासाठी बाजूला. त्याला हात लावायचा नाही. मुलगी नाशिकला, तिला फोन करून सांगितलं. विचारलं नाही, सांगितलं.

विरारचा फ्लॅट भाड्यानं देतानाची गोष्ट एजंट अजून सांगतो. एक तरुण जोडपं आलं होतं, दोघंही अंधेरीला नोकरीला, घर घेण्यासाठी पैसे साठवत होती. एजंटानं आत्याला बाजूला घेऊन दबक्या आवाजात सांगितलं, "मॅडम, एक अडचण आहे. दोघांचं लग्न झालेलं नाही."

"मग?" आत्या म्हणाली. "माझं तरी कुठे झालंय?"

एजंटाला हे समजायला वेळ लागला. पोरांना घर लगेच मिळालं. किल्ली देताना आत्यानं त्या मुलीला फुकटचा सल्लाही दिला: "भाडं अर्धं अर्धं भरू नका. एकानं भाडं भरायचं, एकानं साठवायचं, सहा महिन्यांनी बदला. म्हणजे भांडताना 'माझ्या पैशावर राहतोस' असं कुणाला म्हणता येत नाही."

मला या सगळ्याचा अभिमान होता. अगदी मनापासून. पण अभिमान असला की माणसाला गप्प बसवत नाही, हा माझा जन्मजात दोष. आमच्या घरात मी तो नियम लागू करायचा ठरवला. मीनलला, म्हणजे माझ्या बायकोला, म्हटलं, "माझा पगार तू खर्च कर, तुझा मी करतो." ती बिचारी हो म्हणाली. मी तिच्या पगारातून पहिल्याच आठवड्यात घरी पाव करायचं मशीन आणलं. सेलमध्ये होतं. आत्यानं ते बघितलं आणि कितीतरी वेळ नुसती बघतच राहिली.

"विज्या, सकाळी तुमच्या खाली सायकलवरून भोंगा वाजवत कोण येतं?"

"पाववाला."

"आणि कोपऱ्यावर काय आहे?"

"बेकरी."

"आणि तू वसईत पाव करायचं मशीन आणलंस. उद्या मिठागरावर मीठ विकायला बसशील." मग मीनलकडे वळून, "बाई गं, तुझे पैसे परत घे. या नियमाला लाज लागते. आमच्या घराण्यात ती पुरुषांच्या वाट्याला आलीच नाही."

आमच्याकडे नियम एक महिना चालला. मशीन अजून आहे. त्यावर आम्ही कुंडी ठेवतो.

आता मास्तरांच्या आणि आत्याच्या घरी या नियमाचं काय होत होतं, तेही सांगतो, कारण ते मला फार उशिरा कळलं. दोघांना स्वतःसाठी काही घेताच येत नसे. आत्याला मोजडी आवडली तरी मास्तरांच्या पैशानं ती घेणार कशी? म्हणून ती मास्तरांसाठी बूट आणायची. मास्तर तिच्या पैशानं तिच्यासाठी सुती साड्या आणायचे. मास्तर तक्रार करत, "माझेच पैसे, माझेच बूट, आणि आभार मी मानायचे!" पण ते बूट पुसून, पेपरात गुंडाळून ठेवत. असं करत करत दोघांनी मिळून एकाच्या खर्चात दोघांचं घर चालवलं, आणि वर एकमेकांना राजासारखं ठेवलं. मी आजवर मोठमोठे पगार असलेली जोडपी पाहिली आहेत. त्यांच्याकडे एवढी भेटवस्तूंची देवाणघेवाण मी पाहिली नाही.

पण लोक. लोकांना अर्धा नारळ दिसत नाही, पूर्ण बाई दिसते. सोसायटीतल्या एका बाईनं जिन्यात आत्याला गाठून विचारलं, "मास्तर तुमचे कोण लागतात हो?" आत्या म्हणाली, "अर्ध्या दुधीचे वाटेकरी." त्या बाईनं ते चेष्टा समजून सगळ्या इमारतीत सांगितलं. गावाकडून, साताऱ्याहून, माझ्या धाकट्या काकांचे फोन मला येऊ लागले. "विजय, तू तिथं आहेस. तुझ्या नाकासमोर काय चाललंय? त्या वयात शोभतं का? निदान लग्न तरी करा म्हणावं." मी म्हटलं, खरं आहे. निदान लग्न तरी. आत्याच्या सन्मानासाठी एवढं तर मी करू शकतो.

आणि मी करायला लागलो.

प्रेसमध्ये पत्रिका छापायला दिली तेव्हा कंपोझिटरनं विचारलं, "वधूच्या नावामागे काय घालू? 'चि. सौ. कां.' की 'श्रीमती'?" मी थोडा विचार केला आणि म्हणालो, "दोन्ही घाला." माणिकपूरला स्टेशनजवळ एक लहानसा हॉल मिळाला. भटजी म्हणाले, "वधूवरांची संमती आहे ना?" मी म्हटलं, "ते दोघं गेली दोन वर्षं एकत्र राहतात." भटजींना ते पुरेसं वाटलं. आत्याला मी सांगितलं, मास्तरांचा माजी विद्यार्थ्यांकडून सत्कार आहे, त्यांना सांगू नकोस. मास्तरांना सांगितलं, आत्याचा वाढदिवस आहे, तिला सांगू नका. दोघांनीही गुपित पाळलं. इतकंच नाही, दोघांनीही मला एकांतात गाठून खर्चाला थोडे पैसे दिले. आत्यानं मास्तरांच्या पेन्शनमधून, मास्तरांनी आत्याच्या.

त्या उत्साहात मी आणखी एक गोष्ट केली. आत्याच्या बँकेतल्या सगळ्या लोकांशी तिचा घरोबा होता. कधी लोणचं, कधी लाडू नेऊन देणारी ती पेन्शनर. म्हटलं, त्यांनाही बोलवावं. मी स्वतः जाऊन पेन्शनचं टेबल सांभाळणाऱ्या बाईंच्या हातात हळदकुंकू लावलेली पत्रिका दिली. त्या फार खूश झाल्या. "अरे वा! आमच्या आजींचं लग्न! सुट्टी मिळाली तर नक्की येऊ." सुट्टी मिळाली नाही. पत्रिका मात्र त्यांनी जपून ठेवली.

लग्नाच्या दिवशी आत्या मोतिया रंगाची साडी नेसून रिक्षातून उतरली, मागून मास्तर नवे बूट घालून. हॉलच्या दारावर झेंडूच्या माळांत बोर्ड होता. आत्यानं चष्मा पुसला, बोर्ड वाचला, मग पुन्हा वाचला. सनईवाल्यानं तिला बघून सनई तोंडाला लावली.

"थांबा हो जरा," आत्या त्याला म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "विज्या, नवरी कुठाय?"

मी घसा खाकरला. "आत्या... तूच."

सगळा हॉल आमच्याकडे बघत होता. काकांनी साताऱ्याहून आणलेली मंडळी पुढच्या रांगेत बसली होती. भटजी अंतरपाटाची दोन टोकं दोन पोरांच्या हातात देऊन तयार होते. आत्या सरळ पुढे गेली आणि नवरीसाठी ठेवलेल्या लाल मखमली खुर्चीवर बसली. मला वाटलं, जमलं. मी सनईवाल्याला खूणही केली.

"रेल्वे मला पेन्शन का देते, ठाऊक आहे?" आत्या म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, पण शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचत होता. "मी विधवा आहे म्हणून. आज गळ्यात माळ पडली की उद्यापासून ती बंद."

मला खरंच माहीत नव्हतं. पण गप्प बसणं जमत नाही ना. मी म्हणालो, "पण आत्या, मास्तरांची पेन्शन आहे की. तेवढ्यात दोघांचं आरामात..."

"म्हणजे मी पुन्हा हात पसरू?" ती म्हणाली. "मास्तर देतील रे. भरभरून देतील. तेच तर नको मला. जन्मभर मागून घेतलं, आता देऊन घेते. तेवढं राहू दे."

मास्तर तिच्या शेजारच्या खुर्चीत, नवरदेवाच्या, हळूच येऊन बसले. म्हणाले, "बाई, जेवणाचा वास बरा येतोय."

आत्या हसली. उठून उभी राहिली आणि मंडळींना म्हणाली, "लग्न होणार नाही. पंगत होईल. कुणी उपाशी जायचं नाही. आहेर ज्यांनी आणलाय त्यांनी परत नेऊ नका, हॉलचं भाडं त्यातून जाईल. भटजी, तुमची दक्षिणा अर्धी. काम अर्धंच झालंय." भटजी म्हणाले, "काम सुरूच झालं नाही, आजी." "मग अर्धी मिळतेय हे उपकार समजा," आत्या म्हणाली.

त्या दिवशी साताऱ्याच्या काकांनी सगळ्यात जास्त जिलब्या खाल्ल्या आणि जाताना माझ्या कानात म्हणाले, "बाई वाघीण आहे. पण हे गावात सांगू नकोस." मी सांगितलं नाही. त्यांनीच सांगितलं, आणि चढवून सांगितलं.

गोष्ट इथं संपली असती तर मी आज नुसता हास्यास्पद ठरलो असतो. पण नोव्हेंबर आला. नोव्हेंबरात पेन्शनरांना बँकेत जाऊन हयातीचा दाखला द्यावा लागतो. विधवा असेल तर पुन्हा लग्न केलेलं नाही असंही लिहून द्यावं लागतं. आत्या लाडवांचा डबा घेऊन गेली. टेबलावरच्या बाई उठून उभ्या राहिल्या. "अभिनंदन आजी! आणि मिस्टर नाही आले?" आत्यानं लग्न न केल्याच्या कागदावर सही करून तो पुढे सरकवला. बाईंचा चेहरा उतरला. त्यांनी ड्रॉवर उघडला आणि माझी पत्रिका काढली. हळदकुंकू अजून ताजं होतं.

त्या बाईंची काही चूक नव्हती. समोर छापील पत्रिका आणि हातात त्याच्या उलट सांगणारा कागद. त्यांनी साहेबांना विचारलं, साहेबांनी वर विचारलं. चौकशी होईपर्यंत पेन्शन थांबली.

पुढची पहिली तारीख मी विसरू शकत नाही. मी दुपारी त्यांच्याकडे गेलो तेव्हा मास्तरांनी टेबलावर आपले पैसे काढून ठेवले होते आणि आत्या त्यांना हात लावत नव्हती.

"घ्या ना बाई," मास्तर म्हणत होते.

"मी काय देऊ बदल्यात?"

"पुढच्या महिन्यात द्या."

"पुढच्या महिन्यात मिळेल हे कोण सांगतंय?"

आतोबांच्या वेळी ती बसायची तशी ती भिंतीला टेकून बसली होती. मला ते बघवेना. मी म्हणालो, "आत्या, मी देतो." तिनं माझ्याकडे असं बघितलं की मी पाकीट अर्धवट बाहेर काढलेलं तसंच आत सारलं. त्याच आठवड्यात तिनं खालच्या मजल्यावरच्या घरात पोळ्या लाटायचं काम धरलं. सत्तरीच्या उंबरठ्यावर. मास्तर सकाळी तिला जिन्यापर्यंत सोडायला जात, कारण तिनं त्यांना पुढे येऊ दिलं नाही. आणि रोज संध्याकाळी ती आपले पोळ्यांचे पैसे मास्तरांच्या पुढ्यात ठेवून म्हणे, "घ्या. हे माझं."

मी बँकेत गेलो. साहेबांनी मला बसवलं. तो संवाद मला पाठ आहे, कारण तो मी घरी येऊन मीनलला सांगितला आणि ती आजतागायत येईल त्या पाहुण्याला सांगते.

"लग्न झालं?"

"नाही."

"मग पत्रिका?"

"मी छापली."

"वधूची संमती?"

"तिला माहीत नव्हतं."

"वराची?"

"त्यांनाही माहीत नव्हतं."

साहेबांनी चष्मा काढला. "मग माहीत कोणाला होतं?"

"जिलबीवाल्याला," मी म्हणालो.

ते म्हणाले, असं असेल तर प्रतिज्ञापत्र करून द्या. वसईच्या कोर्टाबाहेर झाडाखाली टाइपिंग करणारा एक माणूस बसतो. मी सांगत गेलो, तो टाइप करत गेला. अमुक रोजी मी माझ्या आत्याच्या विवाहाची पत्रिका वधू व वर यांना न विचारता, कोणत्याही कारणाशिवाय छापली. तो मध्येच थांबला. "साहेब, 'पूर्ण शुद्धीत असताना' घालू ना? घालायची पद्धत आहे."

"घाला," मी म्हणालो.

"खरं असेल तरच घालतात," तो म्हणाला.

भटजीही साक्षीला आले, हे मी त्यांचे उपकार समजतो. त्यांनी साहेबांपुढे हात जोडून सांगितलं, "मंगलाष्टकाचं एक अक्षरही माझ्या तोंडातून निघालं नाही. जेवलो मात्र मी. तेवढी कबुली." हॉलच्या मॅनेजरनंही लिहून दिलं की कार्यक्रम 'भोजन समारंभ' या नावानं झाला. चौकशी संपायला काही आठवडे गेले. पेन्शन सुरू झाली, थकलेली रक्कमही जमा झाली.

त्या पहिल्या तारखेला मी मुद्दाम गेलो. आत्यानं टेबलावर पैसे मोजून ठेवले, मास्तरांच्या हातात दिले आणि म्हणाली, "घ्या मास्तर. आज माझ्या पैशानं पापलेट आणा. बोंबील आणाल तर घरात घेणार नाही." मास्तर पिशवी घेऊन निघाले. इतका ताठ चालणारा सत्तरी ओलांडलेला माणूस मी माणिकपूरच्या रस्त्यावर दुसरा बघितला नाही. खालच्या मजल्यावरच्यांना आत्या म्हणाली, "पोळ्यांचं काम सोडते. पण सणावाराला पुरणपोळी हवी असेल तर सांगा. पैसे घेईन."

पुढे ती दोघं आणखी काही वर्षं त्याच घरात राहिली. सोसायटीत आता जिन्यात कुणी काही विचारत नसे. उलट दुसऱ्या मजल्यावरच्या एका निवृत्त नर्सबाईंनी आपल्या मैत्रिणीला राहायला बोलावलं आणि आत्याकडे येऊन नियम नीट विचारून घेतला. आत्यानं तो सांगितला, आणि शेवटी बजावलं, "पत्रिका छापू नका."

गेल्या वर्षी आत्या गेली. फार दुखणं नव्हतं, आजारपणासाठी बाजूला काढलेले पैसे तिला लागलेच नाहीत. नाशिकहून मुलगी आली, साताऱ्याहून काका. तिरडीच्या वेळी काका मोठ्या आवाजात म्हणाले, "माझी बहीण कुणाच्या मिंधेपणात राहिली नाही." ते खरं होतं, आणि त्यांनी ते सगळ्या इमारतीला ऐकू जाईल असं म्हटलं, म्हणून त्या दिवशी मी त्यांना सगळ्या फोनांबद्दल माफ करून टाकलं.

मग पहिली तारीख आली. मी माणिकपूरला गेलो. मास्तर टेबलाशी बसले होते, समोर त्यांची स्वतःची पेन्शन. सकाळी बँकेतून काढून आणली होती आणि तशीच पडली होती.

"चहापूड संपली," ते म्हणाले. "दुकानात गेलो, पैसे खिशात होते. माझे. काढवले नाहीत. परत आलो."

मी बराच वेळ काही बोललो नाही. ही माझ्या आयुष्यातली दुर्मीळ वेळ. मग मला एकदम सुचलं, आणि सुचलं की मी बोलतोच.

"मास्तर, आमच्याकडे चला राहायला. मीनलही म्हणतेय. दोन घरं कशाला? नियम तोच ठेवू. माझा पगार तुम्ही खर्च करायचा, आणि तुमची पेन्शन मी."

मास्तरांनी मान वर केली. डोळे भरलेले होते, पण माझ्याकडे बघता बघता ते कोरडे झाले. टेबलावरच्या नोटा त्यांनी गोळा केल्या, घडी केली, आणि सदऱ्याच्या आतल्या खिशात घातल्या.

"विजयराव," ते म्हणाले, "माझी पेन्शन तुमच्या हातात? त्यापेक्षा मी लग्न करीन."